नवी पॉइंट टू-टू रायफल: पहिले पाचशे राउंड कुठे खर्च करायचे

पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या नेमबाजीच्या रायफलला लागणारी मॅच (स्पर्धेच्या) दर्जाची काडतुसं महाग असतात, आणि किती घ्यायची यालाही परवान्यावर मर्यादा असते. त्यामुळे नवी रायफल लावून घेताना प्रत्येक राउंडला (काडतुसाला) काम नेमून द्यावं. पाचशेचा हिशोब साधारण असा बसतो: नळी आणि बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) तपासायला ५०, अंगाला बसवायला १००, स्क्रूंचा ताण ठरवायला ६०, काडतुसांचा लॉट (एकाच वेळी बनवलेला साठा) निवडायला २००, आणि उरलेले ९० साईट (नेम धरायचं साधन) जुळवून वारा समजून घ्यायला. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. पहिल्याच दिवशी साईट फिरवत बसतात आणि बट-प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) हलवली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आधी कागद. नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवाना आयुक्तालयाकडून मिळतो. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या गावात राहत असाल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातून. रायफल ताब्यात घेताना रिसीव्हरवरचा (नळी ज्यात बसते त्या धातूच्या भागावरचा) नंबर, बिलावरचा नंबर आणि परवान्यावर चढवलेला नंबर आकडा न् आकडा ताडून पाहा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी पुढे नूतनीकरणाला चकरा ठरलेल्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. स्पर्धक नेमबाजांना त्यातून सूट मागता येते, पण स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि संघटनेचं पत्र आधीपासून फाइलमध्ये हवं.

नवी नळी संरक्षक तेल लावून येते. पहिल्या राउंडच्या आधी ते काढा: सफाईचा रॉड बोर-गाइडमधून (रॉड सरळ ठेवणाऱ्या नळकांड्यातून), चेंबरच्या (काडतूस बसतं त्या) बाजूनेच घाला आणि फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) दोन-तीन कोरड्या गोळ्या पार काढा. मझलकडून (नळीच्या तोंडाकडून) रॉड घातला तर तिथली कडा झिजते, आणि गोळीला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा असतो. नळीत तेल राहिलं तर पहिले काही शॉट कुठेही जातात आणि माणूस साईटला दोष देतो. ‘ब्रेक-इन’चे (नवी नळी रुळवण्याचे) लांबलचक विधी मात्र विसरा. घासून गुळगुळीत केलेल्या मॅच नळीला त्याची फारशी गरज नसते. पहिल्या पन्नास राउंडमध्ये पाहायचं ते रिकाम्या केसेसकडे (काडतुसांच्या पुंगळ्यांकडे). काडतूस पेटवणाऱ्या फायरिंग पिनचा ठसा प्रत्येक केसच्या काठावर सारखाच खोल आहे का? केस सहज बाहेर येते का? राउंड उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आणि न उडालेला राउंड उगाच बाहेर ओढू नका: मॅच चेंबरमध्ये गोळी नळीच्या आट्यांत रुतलेली असते. कधी केस हातात येते, गोळी आतच राहते आणि दारू मेकॅनिझममध्ये सांडते.

ड्राय फायरचं (काडतुसाशिवाय ट्रिगर ओढण्याचं) एक सांगायलाच हवं, कारण एअर रायफलवरून आलेले नेमबाज इथेच नुकसान करून घेतात. रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण काठात असतं, म्हणून पिन काठावरच आदळते. चेंबर रिकामं असेल तर काही रचनांमध्ये पिन थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथे खळगा पडतो. मग केस अडकायला लागते. रायफलला ड्राय फायरची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर वापरलेली केस घाला आणि दर वेळी थोडी फिरवा.

आता बसवणं. प्रोन (पालथं झोपून) पोझिशनमध्ये आधी बट-प्लेटची लांबी आणि उंची, मग चीकपीस (गाल टेकायचा भाग), मग हँडस्टॉप (पुढच्या हाताची अडण), शेवटी स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा). चीकपीसची उंची अशी हवी की डोळे मिटून गाल टेकवला आणि डोळे उघडले की डायऑप्टरच्या (मागच्या साईटच्या) छिद्रात पुढच्या साईटची रिंग बरोबर मधोमध दिसावी. मान ताणावी लागत असेल तर चीकपीस अजून लागलेलाच नाही. नियमाप्रमाणे स्लिंगच्या हाताचा कोपरापासूनचा भाग आडव्या रेषेशी ३० अंशांपेक्षा खाली येता कामा नये. हँडस्टॉप पुढे सरकवताना हे मोजा. रिंग नाडीच्या ठोक्याबरोबर हलताना दिसली तर स्लिंग दंडावर थोडी वर घ्या. मग टार्गेटवर रोखा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. रिंग बाजूला गेली असेल तर हाताने ढकलू नका, डाव्या कोपराभोवती सगळं शरीर सरकवा. (डावखुऱ्यांनी उलट वाचावं.) प्रत्येक मापाची खूण पेन्सिलने स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) आणि आकडा वहीत.

ॲक्शन (बोल्ट असलेली यंत्रणा) स्टॉकला धरणारे स्क्रू घट्ट करायला टॉर्क रेंच (ताण मोजून कसणारा पाना) लागतो. मनगटाचा अंदाज चालत नाही. बऱ्याच मॅच रायफलींना ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा ताण सांगितलेला असतो, पण तुमच्या मॅन्युअलमधली मर्यादा शेवटची. दोन्ही स्क्रू सैल करा, रायफल बटवर उभी धरा म्हणजे ॲक्शन मागे टेकते, मग पुढचा आणि मागचा स्क्रू आळीपाळीने कसा. मर्यादेच्या आत ३ वेगवेगळ्या ताणांवर वीस-वीस राउंड काढा आणि दहा-दहाचे ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचे पुंजके) मोजा. ग्रुप एकाच ठिकाणी पण मोठा येत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. दोन वेगळ्या पुंजक्यांत फुटत असेल तर बहुधा ॲक्शन बसलेली नाही. लाकडी स्टॉक नाशिकच्या पावसाळ्यात फुगतो आणि फेब्रुवारीत आक्रसतो, म्हणून जूनमध्ये आणि दिवाळीनंतर ताण पुन्हा तपासायचा. ॲल्युमिनियमच्या स्टॉकला ही कटकट कमी.

ट्रिगर फार हलका करण्याची घाई नको. सुरुवातीला एकूण १०० ते १५० ग्रॅमची ओढ पुरे. ओढीचा दुसरा टप्पा भिंतीसारखा जाणवला पाहिजे. बदल केल्यावर वापरलेली केस चेंबरमध्ये ठेवून बोल्ट कॉक करा (पिन ताणून अडकवा) आणि बट गालिच्यावर आपटा. पिन सुटली तर तो ट्रिगर रेंजवर न्यायचा नाही.

खरा फरक पडतो लॉटमुळे. एली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर-५०, लापुआचे मॅच राउंड, सगळे उत्तम. पण एकाच ब्रँडचे दोन लॉट तुमच्या नळीत वेगळे वागतात. पाच लॉट घ्या, प्रत्येकाचे ४० राउंड, सँडबॅगवर टेकून ५० मीटरवर दहा-दहाचे चार ग्रुप. ब्रँड बदलला की गोळीवरचं मेणही बदलतं, म्हणून नळीला सवय व्हायला लागणारे पहिले २० राउंड मोजायचे नाहीत. ते साईटच्या ९० मधून घ्या, शक्यतो एकाच ब्रँडचे लॉट सलग ठेवून. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ ची, कडेला स्पर्श झाला तरी दहा. म्हणजे गोळ्यांची केंद्रं १६ मिलिमीटरच्या वर्तुळात बसली तर सगळे दहा. ग्रुप केंद्र ते केंद्र मोजा आणि १६ शी ताडून पाहा. उभा ताणलेला ग्रुप दिसला तर काडतुसांचा वेग कमी-जास्त होतोय: सेकंदाला १० मीटरचा फरक ५० मीटरवर ७-८ मिलिमीटर उभा फरक देतो. डिसेंबरच्या पहाटे गारठ्यात उघडा ठेवलेला डबा किंवा एप्रिलमध्ये उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतला डबा हेच करतो. काडतुसं रायफलजवळ, सावलीत ठेवा. आवडलेल्या लॉटचा नंबर लिहून घ्या आणि परवान्यात बसेल तेवढा एकदमच उचला.

साईटची क्लिक (बटण फिरवण्याचा एक टप्पा) गोळी किती सरकवते हे कंपनीच्या कागदावरून नको. दहा क्लिक एका बाजूला, पाच शॉट, अंतर मोजा, दहाने भागा. आडवा वारा सेकंदाला १ मीटर असेल तर गोळी ५-६ मिलिमीटर सरकते. झेंडा जेमतेम हलतो, तरी कडेजवळच्या दहाचा नऊ होतो.

रेंजहून आल्यावर दोन फेल्ट पुरे. दोन-चारशे राउंडनंतर चेंबरच्या लगेच पुढे कार्बनची कडी जमते, तिथे सॉल्व्हंट दहा मिनिटं ठेवून पितळी ब्रश फिरवा. पूर्ण सफाईनंतर ग्रुप पुन्हा बसायला दहा-वीस राउंड जातात, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी नळी धुऊ नका. पावसाळ्यात फोमच्या पेटीत रायफल ठेवून विसरलात तर फोम ओल धरतो आणि आठवड्यात तांबेरा दिसतो. घरी बोल्ट वेगळा, रायफल कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसोबत. बालेवाडीला (पुण्याच्या रेंजवर) जाताना चंदनापुरी घाटापर्यंतच्या धक्क्यांनी साईटचे स्क्रू ढिले होतात, पोचल्यावर आधी ते बघा. कसारा उतरून मुंबईकडे एसी गाडीतून गेलात तर रायफलची पेटी अर्धा तास बंदच राहू द्या, नाहीतर दमट हवेत नळीवर आणि डायऑप्टरवर दव धरतं.