थंडीच्या पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी हवेचा हीटर तपासा

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो आणि द्राक्षबागेत ब्लोअर (ट्रॅक्टरवरचे फवारणी यंत्र) लावायची घाईही तेव्हाच असते. सेल्फ फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही. अशा वेळी लगेच सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल आणि पंप खोलायला देऊ नका. धूर पांढरा आहे म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे, फक्त पेटत नाही. बऱ्याचदा दोष हवा तापवणाऱ्या हीटरचा असतो आणि उन्हाळ्यात त्याची गरजच पडत नसल्याने तो कधी बंद पडला हे कळत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेट घेते. आत येणारी हवा 30 ऐवजी 5 अंशांची असेल तर हा 25 अंशांचा फरक दाबाच्या शेवटी दुपटीहून मोठा होतो. त्यात थंड ऑइल घट्ट असते, सेल्फ हळू फिरतो, दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांवरून निसटते आणि उरलेली उष्णता गार लोखंड शोषून घेते. रिंग आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) झिजलेल्या जुन्या इंजिनाला म्हणूनच थंडी जास्त बाधते.

आपल्या ट्रॅक्टरला कोणता हीटर आहे ते आधी पाहा. लहान ट्रॅक्टरच्या काही इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग (विजेने तापणारी कांडी) असतो. तो हवा नव्हे, ज्वलनाची जागाच तापवतो. नव्या कॉमन रेल (एकाच उच्चदाब नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या) इंजिनांत मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीच्या, तोंडाशी जाळीचा विजेचा हीटर असतो. जुन्या तीन सिलिंडर ट्रॅक्टरांपैकी अनेकांत मॅनिफोल्डमध्ये थर्मोस्टार्ट, म्हणजे ज्योतीने हवा तापवणारा हीटर, बसवलेला असतो. त्याला एक वायर आणि डिझेलची एक बारीक नळी जोडलेली दिसते. त्यातली विजेची कॉइल तापली की आतली नळी प्रसरण पावते, गोळीचा व्हॉल्व्ह उघडतो, डिझेल लालबुंद कॉइलवर पडते आणि सेल्फ मारताच आत ओढल्या जाणाऱ्या हवेत ज्योत धरते. चावी सोडली की हवेने नळी गार होते आणि व्हॉल्व्ह बंद होतो.

थर्मोस्टार्ट तपासताना गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि पीटीओ (अवजारे फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद ठेवा. चावी हीटरच्या खुणेवर धरून त्याच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावा. त्याच वेळी बॅटरीवर जेवढे व्होल्ट दिसतात त्याहून इथे एक व्होल्टपेक्षा जास्त कमी दिसले, तर चावीचा स्विच, वायर किंवा गंजलेले टोक हा दोष आहे. मग चावी बंद करून वायर सोडवा आणि टर्मिनल ते बॉडी रोध मोजा. तो 1 ओहमच्या आसपास हवा. मीटर नसेल तर 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प बॅटरीच्या धन टोकाला आणि सोडवलेल्या टर्मिनलला लावा. लागला तर कॉइल अखंड आहे, नाही लागला तर जळाली आहे. ग्लो प्लगही असाच तपासावा, पण सगळ्या प्लगना जोडणारी पट्टी काढून एकेक वेगळा. पट्टी तशीच ठेवली तर एका चांगल्या प्लगमुळे बाकी जळालेलेही चांगले वाटतात.

आता डिझेलची बाजू. थर्मोस्टार्टला येणाऱ्या नळीचा नट सैल केल्यावर बुडबुड्यांशिवाय डिझेल टपकले पाहिजे. फिल्टर बदलल्यावर या नळीत हवा राहते आणि हीटर नुसताच तापतो, ज्योत धरत नाही. उलट दोष जास्त घातक: व्हॉल्व्ह गळका असेल तर इंजिन बंद असतानाही डिझेल मॅनिफोल्डमध्ये उतरत राहते. हीटर बाहेर काढा, नळी पुन्हा जोडा, वायर मात्र जोडू नका आणि 5 मिनिटे थांबा. थेंबसुद्धा पडता कामा नये. पडला तर हीटर बदला. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, कारण विजेची परतीची वाट बॉडीतूनच जाते.

सुरू करताना क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचा भार सेल्फवर येत नाही. थर्मोस्टार्टसाठी चावी हीटरवर 15 ते 20 सेकंद धरा आणि तिथूनच सरळ सेल्फ मारा. एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त नको. मध्ये किमान अर्धा मिनिट थांबून पुन्हा हीटर द्या. ग्लो प्लग आणि जाळीच्या हीटरला डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबायचे. सलग सेल्फ मारत राहिल्यास न जळलेले डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन टाकते आणि चेंबरमधले (इंजिनाच्या तळातले) ऑइल पातळ करते. इंजिन लागल्यावर 2-3 मिनिटे कमी वेगावर भाराविना चालू द्या.

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायची सवय अनेक गावांत आहे. ती सोडा. ऑइल बाथ क्लीनर (तेलातून हवा गाळणारा) पेट घेतो आणि जळके कण थेट सिलिंडरमध्ये जातात. ईथरचा स्टार्टिंग स्प्रे हीटर असलेल्या इंजिनात कधीही मारू नका. तापलेल्या कॉइलवर तो स्फोटासारखा पेटतो, त्यात मॅनिफोल्ड फुटू शकतो आणि माणूसही भाजतो.

हीटर बॅटरीवरच चालतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. 12.2 दिसली तर ती निम्मीच भरलेली समजा आणि आधी चार्ज करा. सेल्फ फिरताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर हीटर कितीही चांगला असला तरी पुरणार नाही.

ड्रममध्ये उन्हाळ्यापासून साठवलेले डिझेल थंडीत वापरू नका. भारतीय मानकात थंडीत फिल्टर तुंबू न देण्याची मर्यादा हिवाळी डिझेलसाठी 6 अंश, तर उन्हाळी डिझेलसाठी 18 अंश आहे. उन्हाळी डिझेल पहाटे गढूळ होऊन फिल्टरमध्ये मेण धरू शकते. तेव्हा सायलेन्सरमधून पांढरा धूरसुद्धा येत नाही, कारण डिझेल पुढे सरकतच नाही. त्यावर उपाय म्हणून रॉकेल मिसळू नका, इंजिनाच्या डिझेल पंपाचे वंगण जाते. नोव्हेंबरनंतर पेट्रोल पंपावरून आणलेले ताजे डिझेल भरा आणि फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढून टाका.