गेमिंग माउसची बटणं लिनक्सवर कशी बसवली

नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलेला माउस डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) लावताच चालला, पण बाजूची बटणं आणि डीपीआय (पॉइंटरची संवेदनशीलता) बदलायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं. कंपनीकडून एका ओळीत उत्तर आलं: लिनक्सला सपोर्ट नाही. दुकानदार म्हणाला, "भाऊ, विंडोजच टाकून घ्या न."

आधी पायपर हे लिनक्सवरचं माउस-सेटिंगचं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. ते ज्यावर चालतं त्या लिबरॅटबॅगच्या यादीतलेच माउस ओळखतं, माझा त्यात नव्हता. (रेझर कंपनीचा माउस असलेल्यांना ओपनरेझर हे सॉफ्टवेअर आहे, तेही कंपनीने नव्हे, लोकांनी लिहिलेलं.)

मग कंपनीचंच ब्राउझरमधून चालणारं सेटिंगचं पान सापडलं. म्हणजे लिनक्सला नाही म्हणता म्हणता अर्धं काम यांनीच करून ठेवलेलं! क्रोमियम ब्राउझरमध्ये माउस यादीत दिसे, पण जोडला जात नसे. ब्राउझरच्या डिव्हाइस-लॉगमध्ये कारण होतं: 'हिडरॉ' फाइल (जिच्यातून प्रोग्रॅम माउसशी थेट बोलतो) उघडायची परवानगी नाही. ती फाइल फक्त रूटची, म्हणजे अ‍ॅडमिन युजरची असते.

त्यावर उपाय युडेव्हचा नियम (युडेव्ह म्हणजे जोडलेली उपकरणं सांभाळणारा लिनक्सचा भाग). 'एलएसयूएसबी' कमांडने व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक) काढला, नियमात तो घातला आणि 'युअ‍ॅक्सेस' टॅग लावला; त्याने लॉगिन केलेल्या युजरला परवानगी मिळते. खरी मेख फाइलच्या नावात आहे. नियमांच्या फाइली नावातल्या क्रमांकानुसार वाचल्या जातात आणि हा टॅग 73 क्रमांकाच्या सिस्टिम फाइलमध्ये वाचला जातो, म्हणून आपल्या फाइलचं नाव 70 ने सुरू करा. 99 दिलंत तर काहीच होत नाही. काहीजण सरळ 0666, म्हणजे सगळ्यांना वाचा-लिहायची परवानगी द्यायला सांगतात. ते नकोच, मशीनवरचा कुठलाही युजर मग ते उपकरण वाचू शकतो.

नियम रीलोड केले, माउस काढून परत लावला, बटणं बसली. सेटिंग माउसच्याच मेमरीत राहतं. वायरलेस रिसीव्हरचा प्रॉडक्ट आयडी वेगळा असू शकतो, तेव्हा नियमात फक्त व्हेंडर आयडी ठेवा.