एका टिंबाचा हिशोब : दरपत्रक, पत्र आणि पावती बिनचूक मराठीत लिहिताना

‘भागीदाराची सही आवश्यक’ आणि ‘भागीदारांची सही आवश्यक’. दोन ओळींत फरक एका टिंबाचा. पहिली ओळ एका सहीवर भागते, दुसरीला सगळ्यांच्या सह्या लागतात. असा कागद वादात गेला की ‘टायपिंगची चूक होती’ या खुलाशाला फारसा अर्थ उरत नाही. समोरचा माणूस कागदावर जे दिसते तेच धरून बसतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

सगळ्या चुका सारख्याच महागात पडत नाहीत. म्हणून कागद तपासायचा तो या क्रमाने : आधी रक्कम आणि तारीख, मग कोणी काय करायचे ते, मग टिंबे आणि वेलांट्या. बहुतेक जण उलटे करतात. वेलांट्या दुरुस्त करून थकतात आणि रकमेवरून नुसती नजर फिरवतात.

रक्कम आणि तारीख

रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा. आकड्यांत स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, म्हणजे १,२५,००० असा. अक्षरी लिहिताना ‘अक्षरी रुपये एक लाख पंचवीस हजार फक्त’ असे शेवट बंद करून लिहा. ‘फक्त’ न लिहिल्यास पुढे कोणीही ‘पाचशे’ जोडू शकतो. शब्द ‘रुपये’ असा आहे, रु ऱ्हस्व. ‘रूपये’ ही बिलांवर सर्वाधिक दिसणारी चूक असावी.

अक्षरी रक्कम ही शोभा नाही. धनादेश, हुंडी, वचनचिठ्ठी यांवर अंक आणि अक्षर जुळले नाहीत तर १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८नुसार अक्षरी रक्कम खरी धरली जाते. धनादेश मराठीतही लिहिता येतो, त्यामुळे मराठी संख्यावाचक शब्द नीट यायलाच हवेत. गोंधळ होतो तो ‘एकोण’च्या घरात. एकोण म्हणजे एकाने कमी, त्यामुळे शब्दात पुढच्या दशकाचे नाव येते : ५९ एकोणसाठ, ६९ एकोणसत्तर, ७९ एकोणऐंशी, ८९ एकोणनव्वद. ‘एकोणऐंशी हजार’ लिहिताना डोक्यात ८९ असतील तर दहा हजारांचा फरक पडला. दरपत्रकात ‘दीड’, ‘अडीच’, ‘सव्वा लाख’ बोलायला ठीक. कागदावर पूर्ण रक्कम लिहा. आणि धनादेशावर नाव किंवा रक्कम खोडून वर सही करण्याची जुनी सवय सोडा. सध्याच्या चेक ट्रंकेशन पद्धतीत, म्हणजे धनादेशाऐवजी त्याची प्रतिमा बँकांत फिरते त्या पद्धतीत, तारखेखेरीज दुसरी दुरुस्ती चालत नाही. नवा धनादेश लिहावा लागतो.

दराशेजारी एकक नसेल तर दर अर्धाच लिहिलेला असतो. ‘१२० नग, ५० रुपये’ यातून नगाला पन्नास की सगळ्यांचे मिळून, हे कळत नाही. ‘प्रति नग ५० रुपये, जीएसटी वेगळा, हमाली खरेदीदाराकडे’ असे लिहिले की पुढचे तीन फोन वाचतात.

तारीख ‘५ जून २०२५’ अशी लिहा. ०५/०६/२०२५ हे आपल्याला जून वाटते, पण अमेरिकेतल्या ग्राहकाला ते ६ मे दिसते. ‘परवा’ हा शब्द व्यवहारातून वर्ज्य करा : तो मागचाही असतो आणि पुढचाही, ‘परवाची ऑर्डर’ म्हणजे नेमकी कोणती हे क्रियापदाशिवाय कळत नाही. मुदतीसाठी ‘१५ दिवसांत’ पुरेसे नाही. कशापासून पंधरा? बिलाच्या तारखेपासून, की माल हाती पडल्यापासून? ‘बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांत, शेवटचा दिवस धरून’ असे लिहिले की व्याजाची भांडणे होत नाहीत.

‘आपण’ म्हणजे कोण?

हे मराठीचे खास दुखणे आहे आणि शुद्धलेखनाच्या कुठल्याही यादीत ते सापडत नाही. ‘आपण’ म्हणजे तुम्ही (आदराने), ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, आणि ‘आपला’ म्हणजे ज्याचा त्याचा. आता हे वाक्य पाहा : ‘माल सदोष निघाल्यास तो आपल्या खर्चाने परत न्यावा लागेल.’ विक्रेत्याला वाटते, ग्राहकाच्या खर्चाने. ग्राहकाला वाटते, जो नेईल त्याच्या स्वतःच्या खर्चाने, म्हणजे विक्रेत्याच्या. दोघेही मराठी बरोबरच वाचत आहेत.

उपाय सोपा आहे. सोबतच्या पत्रात ‘आपण’ जरूर वापरा, तिथे ते सौजन्य आहे. अटींच्या भागात मात्र ‘विक्रेता’ आणि ‘खरेदीदार’ हे दोनच शब्द ठेवा, सुरुवातीला एकदा कोण कोण ते सांगा आणि शेवटपर्यंत बदलू नका. मध्येच ‘ग्राहक’, ‘पार्टी’, ‘आपण’ असे शब्द आले की तीन वेगळी माणसे आहेत असा भास होतो.

सरकारी वळणाचे ‘करण्यात येईल’ हेही असेच घातक. ‘वाहतुकीची व्यवस्था करण्यात येईल.’ कोण करणार? पैसे कोण देणार? ‘वाहतूक खर्च विक्रेत्याकडे राहील’ असे लिहिले की वाक्य लहानही होते आणि जबाबदारीही ठरते. खर्च, मुदत किंवा हमी सांगणाऱ्या प्रत्येक वाक्यात कर्ता आहे का, ते बोट ठेवून पाहा.

‘फक्त’ची जागाही पाहा. ‘फक्त सदोष माल ७ दिवसांत बदलून दिला जाईल’ म्हणजे चांगला माल बदलणार नाही. ‘सदोष माल फक्त ७ दिवसांत बदलून दिला जाईल’ म्हणजे आठव्या दिवशी येऊ नका. ‘सदोष माल ७ दिवसांत फक्त बदलून दिला जाईल’ म्हणजे पैसे परत नाहीत. शब्द तेच, अटी तीन. तिन्ही हव्या असतील तर तीन वाक्ये लिहा.

टिंब कुठे द्यायचे, कुठे नाही

आजचे शुद्धलेखन मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांवर चालते. १९६२मध्ये १४ नियम शासनाने मान्य केले, १९७२मध्ये आणखी चारांची भर पडली. या १८ नियमांनी उच्चारात नसलेली जुनी टिंबे काढून टाकली. म्हणून नांव, कांही, पांच, येथें ही रूपे आज चुकीची ठरतात; जुन्या मसुद्यावरून छापलेल्या फॉर्मांत ती अजून भेटतात. नाव, काही, पाच, येथे.

अनेकवचनाला प्रत्यय लागला की मात्र टिंब हवेच : ग्राहकांना, दिवसांत, अटींनुसार, वस्तूंवर. ‘अटीनुसार’ लिहिले तर कागदावर दहा अटी असताना वाचणारा विचारतो, कोणत्या अटीनुसार? आदरार्थी उल्लेखातही तेच : व्यवस्थापकांना, साहेबांनी, श्री. अमुक यांच्याकडे.

वेलांटी-उकार : व्यापारात लागतात तेवढे

सगळे नियम पाठ करायची गरज नाही. मूळ शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असेल आणि पुढे प्रत्यय लागून शब्द लांबला, तर ते ऱ्हस्व होते, एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्या चुका जातात. वसूल पण वसुली. मंजूर पण मंजुरी. जमीन, जमिनीचा. वाहतूक, वाहतुकीचा. गुंतवणूक, गुंतवणुकीवर. चूक, चुकीचा. कोल्हापूर, सोलापूर यांतला ‘पू’ दीर्घ. पण लेबलावर कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत : सूचना, सूचनेनुसार, मूल्य, विनामूल्य, पूर्ण, पूर्णपणे. ‘सुचना’ आणि ‘पुर्ण’ हे फलकांवर इतके दिसतात की डोळा त्यांना सरावतो.

हिशोबातले काही शब्द प्रत्यय लागताना वेगळेच वळतात, आणि नेमके तेच रोज लागतात. रक्कम, पण रकमेचा (रक्कमेचा नव्हे). किंमत, पण किमतीत, टिंब जाते. दुप्पट, पण दुपटीने. बेरीज, पण बेरजेत. तारीख, पण तारखेला. हे पाच शब्द लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवा.

ऱ्हस्व-दीर्घाने अर्थच बदलतो अशा जोड्याही सांभाळा. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. दुकानाचा वर्धापन ‘दीन’ करू नका. ‘पीक’ म्हणजे शेतातले, ‘पिक’ म्हणजे कोकीळ; म्हणून पीकविमा, पीककर्ज. ‘सूत’ म्हणजे धागा, ‘सुत’ म्हणजे मुलगा. शब्द तपासणारी सोय या चुका पकडत नाही, कारण दोन्ही शब्द तिच्या कोशात बरोबर असतात. ‘ग्राहकाच्या’ आणि ‘ग्राहकांच्या’ यांचेही तसेच.

क्रियापदांत रोज दिसणारी चूक म्हणजे घेवून, देवून, होवून. धातूतच ‘व’ असेल तर वू : ठेव-ठेवून, पाठव-पाठवून. नसेल तर ऊ : घे-घेऊन, दे-देऊन, हो-होऊन. वचनही जुळवा : ‘तीन पावत्या जोडल्या आहे’ नव्हे, ‘आहेत’. वस्तू मिळते, माणूस भेटतो. बोलण्यात ‘माल भेटला’ अनेक ठिकाणी चालते, पत्रात ‘माल मिळाला’. तसेच ‘केलं, पाठवलं’ हे बोलण्यातले. पत्रात ‘केले, पाठवले’. ‘पाठवले’ आणि ‘पाठविले’ दोन्ही चालतात, एका कागदात एकच ठेवा.

टंकलेखनातून येणाऱ्या चुका

येथे लिहिणाऱ्याचे मराठी चांगले असूनही कागद बिघडतो. फोनवर सुचवलेला शब्द निवडला की कळफलक स्वतःहून मोकळी जागा सोडतो आणि प्रत्यय सुटून पडतो : ‘ऑर्डर साठी’, ‘बिला प्रमाणे’, ‘कंपनी च्या’. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचे : ऑर्डरसाठी, बिलाप्रमाणे, कंपनीच्या. पाठवण्याआधी या जागा मिटवा.

‘पद्धत’, ‘शुद्ध’, ‘प्रसिद्ध’ यांत आधी द, मग ध. ‘पध्दत’ उलटे आहे. ‘महत्त्व’ आणि ‘तत्त्व’ यांत दोन त आहेत. ‘करणाऱ्या’मधला अर्धा र वेगळा : ‘करणार्या’ झाला की समजा साधा र वापरला गेला. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य हे अक्षर; यातून ऱ्य मिळतो. ‘दुःख’, ‘निःशुल्क’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकू नका, दिसायला सारखे पण संगणकाला वेगळे. ‘ॲडव्हान्स’मधला ॲ एकसंध अक्षर म्हणून टाइप करा, काही ठिकाणी तो, काही ठिकाणी अ वर चंद्र दिला तर शोधताना अर्धीच बिले सापडतात.

श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांतल्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य संगणकी लिपीसंकेतात, बदलल्या असतील तर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे एकेक करून पाहा. रूपांतरात तीच सरकतात. बाहेर पाठवायचा कागद पीडीएफ करूनच पाठवा, नाहीतर समोरच्याच्या यंत्रावर फॉन्ट नसला तर अक्षरे विस्कटतात.

शेवटी ‘शोधा’ची खिडकी उघडून हे सात शब्द शोधा : रूपये, पध्दत, महत्व, घेवून, देवून, सुचना, रक्कमे. दोन मिनिटांचे काम आहे.

मायना आणि सही

व्यवहाराच्या पत्राला ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ पुरते, ‘स. न. वि. वि.’ घरगुती पत्रांसाठी राहू द्या. स्त्रीच्या नावाआधी ‘सौ.’ लावण्यापेक्षा ‘श्रीमती’ बरे, कारण वैवाहिक स्थितीचा व्यवहाराशी संबंध नाही. सही करणाऱ्यानुसार ‘आपला विश्वासू’, ‘आपली विश्वासू’. संस्थेच्या वतीने ‘आपले विश्वासू’. ‘आभारी’चेही तसेच : ‘मी आपला आभारी आहे’, ‘आम्ही आपले आभारी आहोत’. नाव लिहिताना समोरच्याने स्वतः जसे लिहिले आहे तसेच लिहा, तिथे नियम लावू नका.

तपासणी

स्वतः लिहिलेले लगेच तपासू नका, डोळा मनातले वाचतो. निदान अर्धा तास जाऊ द्या, मग मोठ्याने वाचा. आकड्यांसाठी वेगळी फेरी करा : एकाने आकडे वाचावे, दुसऱ्याने मूळ हिशोबावर खूण करावी. दुकानाच्या पाटीसाठी तर छपाईआधी लेखी मंजुरी घ्याच. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मराठी पाटी सर्व आस्थापनांना बंधनकारक आहे आणि तिची अक्षरे दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे चूकही तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणि पत्र्यावरची चूक खोडरबराने जात नाही.

चूक पाठवल्यावर लक्षात आली, तर फोनवर ‘तेवढे सुधारून घ्या’ म्हणू नका. नवा कागद पाठवा. वर ‘सुधारित दरपत्रक क्र. २’ असे लिहा, कोणती ओळ बदलली ते सांगा, आणि खाली नोंदवा : ‘१० मार्च २०२५ रोजी पाठवलेले दरपत्रक रद्द समजावे.’ समोरच्याकडून ‘मिळाले’ असे लेखी उत्तर येईपर्यंत जुन्या दराने आलेली ऑर्डर स्वीकारू नका.