डॉकरफाइल लिहिताना या चुका टाळा

डॉकरफाइल म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एका गठ्ठ्यात, म्हणजे इमेजमध्ये, बांधण्याच्या सूचनांची फाइल. तिच्यावरून इमेज बनवणं म्हणजे बिल्ड, आणि इमेज चालू केली की कंटेनर. बिल्ड यशस्वी झाला म्हणून डॉकरफाइल बरोबर आहे, असं धरून चालू नका. या फाइलमधल्या बऱ्याच चुका बिल्डच्या वेळी गप्प बसतात आणि सर्व्हरवर गेल्यावर भलत्याच नावाने समोर येतात. पणजी-पर्वरीकडच्या छोट्या ऑफिसांत फिरणाऱ्या डॉकरफाइली बघितल्या तर बहुतेक कुठल्या तरी जुन्या प्रोजेक्टमधून उचललेल्या, वरच्या दोन ओळी बदललेल्या. त्यामुळे चुकाही त्याच त्या.

ओळींचा क्रम

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आधी अख्खं फोल्डर कॉपी करायचं आणि मग एनपीएम किंवा पिप या साधनाने पॅकेजेस (इतरांनी लिहिलेला तयार कोड) टाकायची. डॉकर प्रत्येक पायरीचा निकाल कॅशमध्ये ठेवतो. पण एक पायरी बदलली की तिच्याखालच्या सगळ्या पायऱ्या तो नव्याने करतो. म्हणजे एका बटणाचा रंग बदलला तरी सगळी पॅकेजेस पुन्हा डाउनलोड. एरवी हे खपून जातं. जुलैत वीज जाऊन-येऊन असते, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चाललेलं असतं, तेव्हा मात्र हाच बिल्ड मध्येच टाइमआउट होतो आणि सगळे पॅकेजेस जिथून येतात त्या रजिस्ट्रीला शिव्या घालतात. आधी फक्त पॅकेजांची यादी आणि लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) कॉपी करा, मग इन्स्टॉल, आणि कोड सगळ्यात शेवटी.

त्याच्या जोडीला डॉकरइग्नोर फाइल (काय कॉपी करायचं नाही त्याची यादी) हवीच. ती नसली तर विंडोजवर किंवा मॅकवर तयार झालेलं नोड मॉड्यूल्स, म्हणजे एनपीएमच्या पॅकेजांचं, फोल्डर इमेजमधल्या लिनक्सच्या फोल्डरवर जाऊन बसतं. बिल्ड सुरळीत होतो, अ‍ॅप सुरू करताना ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ येतं. हा एरर दिसला की कोडमध्ये शोधत बसू नका.

अ‍ॅप्टचा ४०४

अ‍ॅप्ट म्हणजे डेबियन-उबुंटू या लिनक्सवर पॅकेजेस टाकायचं साधन, ४०४ म्हणजे फाइल सापडली नाही. अ‍ॅप्टचं अपडेट (पॅकेजांची यादी आणणं) आणि इन्स्टॉल वेगवेगळ्या रन ओळींत, म्हणजे बिल्डच्या वेळी कमांड चालवणाऱ्या ओळींत, लिहू नका. अपडेटची ओळ बदलत नाही म्हणून ती कॅशमधून येते, यादी जुनी राहते आणि तिच्यातली आवृत्ती तोवर सर्व्हरवरून गेलेली असते. दोन्ही एकाच रन ओळीत जोडून घ्या. पण ४०४ खुद्द अपडेटलाच येत असेल तर दुखणं वेगळं: बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज उभी राहते ती) फार जुनी. डेबियन १० म्हणजे बस्टर नेहमीच्या मिररवरून (डाउनलोड सर्व्हरवरून) अर्काइव्हमध्ये गेलं आहे. तिथे पत्ता बदलून वेळ मारून नेता येते, पण बेस बदलणं बरं.

पुसलेलं पुसलं जात नाही

एका ओळीत फाइल आणली आणि पुढच्या ओळीत डिलीट केली, तर इमेजचा आकार कमी होत नाही. जुन्या रंगावर चुना मारल्यासारखं ते. खालचा थर तिथेच असतो. आकाराचं एक वेळ चालेल, पासवर्डचं चालणार नाही. आर्ग किंवा एन्व्ह ओळीतून दिलेली की (गुप्त किल्ली) तर डॉकर हिस्ट्री या कमांडने सरळ वाचता येते. बिल्डपुरतं गुपित लागत असेल तर सीक्रेट माउंट (गुपित इमेजमध्ये न ठेवता बिल्डला देणं) वापरा. कंपायलर वगैरे मागे ठेवायला मल्टी-स्टेज बिल्ड (एका टप्प्यात बांधून पुढच्यात लागेल तेवढंच घेणं) २०१७ पासून आहे. आणि की एकदा इमेजा ठेवायच्या रजिस्ट्रीवर गेली असेल तर नुसती इमेज काढू नका, कीच बदला.

सर्व्हरवर गेल्यावर

फाइल डोळ्यांसमोर असताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’? एंट्रीपॉइंटच्या, म्हणजे कंटेनर सुरू होताना चालणाऱ्या, स्क्रिप्टमध्ये विंडोजचे लाइन एंडिंग शिरले असतील; ते लिनक्सचे, म्हणजे एलएफ, करा. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला तर बहुधा नव्या मॅकवर एआरएम प्रोसेसरची इमेज बनली आणि सर्व्हर इंटेलचा आहे; बिल्ड करताना प्लॅटफॉर्म लिहा. कंटेनर थांबवायला दर वेळी दहा सेकंद लागतात आणि शेवटी १३७ (सक्तीने बंद केल्याचा कोड) दिसतो, तेव्हा सीएमडी (अ‍ॅप सुरू करणारी ओळ) साध्या वाक्यासारखी लिहिलेली आहे का बघा. तशी लिहिली की मध्ये शेल येतो आणि थांबण्याचा सिग्नल अ‍ॅपपर्यंत पोचत नाही. चौकटी कंसातली यादी द्या.

मराठी पावत्या

इंग्रजी ट्युटोरियलांत न सापडणारी गोष्ट ही, म्हणून जरा सविस्तर. फोंड्याकडच्या एका देवस्थानासाठी अभिषेकाच्या पावत्यांची पीडीएफ काढायची होती. लॅपटॉपवर सुरेख. सर्व्हरवर ‘श्री’च्या जागी चौकोन, यजमानांच्या नावाच्या जागी चौकोन, आकडे तेवढे ठीक. कारण स्लिम (छाटून लहान केलेल्या) इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो. डेबियनवर फॉन्ट्स-नोटो-कोअर किंवा फॉन्ट्स-लोहित-देवा टाकलं की चौकोन जातात. त्यानंतरही ‘दक्षिणा’तली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडत असेल, जोडाक्षरं सुटी होत असतील, तर दोष इमेजचा नाही, पीडीएफची लायब्ररी अक्षरजुळणी करत नाही. पँगो या अक्षरजुळणी करणाऱ्या साधनावर चालणारी लायब्ररी घ्या.

याच पावत्यांचा दुसरा घोळ तारखेचा. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचची पावती आदल्या दिवशीच्या तारखेने निघते, आणि हिशेब न जुळल्यावर कळतं. टीझेड या टाइमझोनच्या सेटिंगमध्ये एशिया/कोलकाता लिहा. अल्पाइन या छोट्या लिनक्समध्ये टीझेडडेटा (टाइमझोनच्या माहितीचं) पॅकेज मुळात नसतं. ते टाकलं नाही तर कुठलाही एरर न देता घड्याळ यूटीसीवरच राहतं. उबुंटूत उलटं: हेच पॅकेज टाकताना ते प्रदेश विचारतं आणि बिल्ड उत्तराची वाट बघत बसतो. त्या रन ओळीपुरतं डेबियन फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह करा.

कंटेनर चालू, पोर्ट दिलेलं, लॉग स्वच्छ, तरी ब्राउझरमध्ये काही नाही, असं झालं तर अ‍ॅप १२७.०.०.१ वर ऐकत असेल. तो पत्ता कंटेनरच्या आतलाच. ०.०.०.० करा. आणि एक्स्पोज ओळीने पोर्ट उघडतं या समजात राहू नका. ती नुसती नोंद आहे, पोर्ट उघडतं ते रन करताना दिलेल्या पी पर्यायाने.