कारला पुढचा आणि मागचा पार्किंग कॅमेरा बसवताना

कॅमेरा बसतो पंधरा मिनिटांत, वायर ओढण्यात मात्र अख्खी सकाळ जाते. महागातला कॅमेराही पहिल्याच पावसाळ्यात बंद पडतो, आणि उघडून पाहिलं तर कॅमेरा ठणठणीत असतो, कुजलेला असतो तो जोड. म्हणून इथे कॅमेऱ्यापेक्षा वायरबद्दल जास्त सांगितलं आहे. गाडी धरली आहे साधी हॅचबॅक, बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टीरिओ असलेली. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे तुमच्या गाडीत सेन्सर असतीलही. ते राहू द्या. सेन्सर अंतर सांगतो, पण बारीक खांब किंवा बुटका दगड त्याच्याकडून निसटू शकतो.

खरेदीआधी स्टीरिओच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा प्रकार बघा. सीव्हीबीएस हा जुना, साधा सिग्नल, तर एएचडी जास्त स्पष्ट. स्टीरिओ एएचडी घेत नसेल तर एएचडी कॅमेरा लावून काळा पडदाच मिळेल. स्टीरिओच्या मागच्या बाजूला किती कॅमेरा इनपुट आहेत तेही पाहा. मागच्या आणि पुढच्या कॅमेऱ्यासाठी वेगवेगळे असतील तर काम सोपं. एकच असेल तर दोन कॅमेऱ्यांचा ऑटोमॅटिक व्हिडिओ स्विच बॉक्स लागेल.

बाकी सामान: आयपी६७ किंवा आयपी६८चे (म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारे) दोन कॅमेरे, मागच्यासाठी ६ मीटरची आणि पुढच्यासाठी ३ मीटरची आरसीए केबल (कॅमेऱ्याचं चित्र स्टीरिओपर्यंत नेणारी), फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून जादा वायर काढून देणारा) आणि २ अँपिअरचा फ्यूज, हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आक्रसून जोडावर घट्ट बसणारी), कापडी वायरिंग टेप, केबल टाय, मल्टिमीटर आणि ट्रिम, म्हणजे आतली प्लास्टिकची आवरणं, उचकटायची प्लास्टिकची पट्टी. स्क्रूड्रायव्हरने ट्रिम काढाल तर क्लिपा तुटतील आणि गाडी पुढे कायम खुळखुळेल. तरीही चार-सहा जास्तीच्या क्लिपा आणून ठेवाच.

बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका. पडद्याचा एअरबॅग (छताच्या कडेतून खिडक्यांवर उघडणारा) असलेल्या गाडीत छताच्या कडेने केबल नेऊ नका. दाराखालच्या पायपट्टीच्या आतून न्या.

मागचा कॅमेरा नंबरप्लेटच्या दिव्याशेजारी, शक्य तितका मधोमध बसवा. प्लेटच्या चौकटीत बसणारे कॅमेरे टाळा. हाय सिक्युरिटी प्लेट न उघडणाऱ्या लॉकने बसवलेली असते, ती काढायची नाही आणि तिच्यात भोकही पाडायचं नाही. डिकीच्या पत्र्याला भोक पाडावं लागलं तर उघड्या कडेला लगेच गंजरोधक रंग लावा. तो वाळल्यावरच रबरी बुश, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी, बसवा.

आता सगळ्यात त्रासाची जागा, डिकीचं दार आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी. केबल याच नळीतून गेली पाहिजे. बाहेरून नेलेली केबल दाराच्या रबरावर चेपते, तिथून पाणी आत येतं आणि काही महिन्यांत वायर तुटते. नळीची दोन्ही टोकं सोडवा, आत थोडा सिलिकॉन स्प्रे मारा, जाड तार घालून तिच्या टोकाला केबल टेपने बांधा आणि हळू ओढा. आरसीएचा पिवळा पिन जाड असतो. तो आडला तर जोर करू नका, केबल उलट्या टोकाकडून घालून बघा. ओढून झाल्यावर डिकी पूर्ण उघडून पाहा. केबल ताणलेली दिसली तर ५-६ सेंटीमीटर ढील द्या.

मागच्या कॅमेऱ्याला करंट घ्यायचा रिव्हर्स लाइटचा. जोड शोधण्यापुरती निगेटिव्ह परत लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन न लावता इग्निशन चालू करा, रिव्हर्स टाका आणि मल्टिमीटरने १२ व्होल्टची वायर शोधा. काही गाड्यांत रिव्हर्स लाइट एकाच बाजूला असतो, तेव्हा दोन्ही दिवे तपासा. वायर सापडली की निगेटिव्ह पुन्हा काढा. कॅमेऱ्याची लाल वायर आणि आरसीए केबलसोबत येणारी बारीक लाल वायर, दोन्ही इथेच जोडा. काळी वायर त्याच दिव्याच्या अर्थला. बारीक लाल वायरचं पुढचं टोक स्टीरिओच्या ‘रिव्हर्स’ किंवा ‘बॅक’ लिहिलेल्या वायरला जातं. गिअर पडला हे स्टीरिओला तिच्यामुळेच कळतं. जोड सोल्डर करून हीट श्रिंक चढवा. चिमट्याने दाबून बसणारे प्लास्टिकचे जोड चटकन लागतात खरे, पण दमट हवेत आतली तांब्याची तार हिरवी पडते. कोकणात गाडी असेल तर ते वापरूच नका.

पुढचा कॅमेरा ग्रिलच्या मधोमध लावा, लोगोच्या खाली. चित्राच्या तळाला बंपरची बारीक कड दिसेल इतका तो खाली झुकवा. कड दिसली नाही तर गाडीचं नाक कुठे संपतं ते पडद्यावर कळत नाही. केबल रेडिएटरच्या पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा, आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) मूळ रबरी बुशमधून आत घ्या. बुशला छोटी चीर देऊन नंतर सिलिकॉनने बुजवा. आत येण्याआधी केबलला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाला ठिबकतं, आत झिरपत नाही. पॅडल आणि स्टेअरिंगच्या दांड्यापाशी केबल टायने घट्ट बांधा. तिथे लोंबणारी वायर क्लचखाली अडकणं हा खरा धोका आहे.

पुढच्याला करंट फ्यूज बॉक्समधून, चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या. कायम चालू असलेल्या फ्यूजवर घेतलात तर उभ्या गाडीची बॅटरी उतरेल. स्विच बॉक्स वापरत असाल तर त्यालाही हीच जोडणी, शिवाय रिव्हर्सची बारीक लाल वायर. रिव्हर्स टाकला की मागचं चित्र येतं, काढला की बहुतेक बॉक्स काही सेकंद पुढचं दाखवतात.

ट्रिम बंद करण्याआधी निगेटिव्ह परत लावून सगळं चालवून बघा, इंजिन चालू असतानाही. पडदा नुसता काळा असेल तर आधी रिव्हर्सची वायर, मग सिग्नलचा प्रकार तपासा. चित्र कृष्णधवल येत असेल किंवा गुंडाळल्यासारखं फिरत असेल तर सेटिंगमध्ये पाल-एनटीएससी (व्हिडिओ सिग्नलच्या दोन पद्धती) किंवा एएचडीचा २५-३० (सेकंदाला किती चित्रं) बदला. इंजिन लावल्यावरच आडव्या रेघा उमटत असतील तर अर्थ कच्चा आहे, रंग खरवडून बोल्टखाली नीट घ्या. चित्र लुकलुकत असेल तर ती गाडी रिव्हर्स लाइटला तुकड्यातुकड्यांनी करंट देते. तिला कॅमेऱ्यासाठी मिळणारा १२ व्होल्टचा फिल्टर लावा. डावं-उजवं उलटं दिसत असेल तर कॅमेऱ्याच्या वायरीवर छोटे रंगीत फास असतात. त्यांपैकी एक आरशासारखी प्रतिमा ठरवतो, दुसरा मार्गरेषा, म्हणजे अंतराचा अंदाज देणाऱ्या पडद्यावरच्या रेषा. रंग प्रत्येक कॅमेऱ्यात सारखे नसतात, म्हणून खोक्यातला कागद वाचूनच फास कापा. मागच्याला आरशासारखी प्रतिमा हवी, पुढच्याला सरळ.

शेवटी मार्गरेषांची परीक्षा घ्या. रुंद कोनाच्या लेन्समुळे वस्तू आहे त्यापेक्षा लांब दिसते, त्यामुळे कारखान्यातून आलेल्या लाल-पिवळ्या रेषांवर आंधळा विश्वास नको. सपाट जागी गाडी उभी करा, मागच्या बंपरपासून अर्धा, एक आणि दोन मीटरवर खडूने जाड रेघा ओढा आणि पडद्यावर त्या कुठे येतात ते बघा. लाल रेषा अर्ध्या मीटरच्या खडूवर येईपर्यंत कॅमेरा वर-खाली करा आणि मगच त्याचे स्क्रू घट्ट आवळा.