बायबल कॉलेजला ॲडमिशन झालीये? मग मार्कच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय घेऊन बसा

यंदा पुण्यात थिऑलॉजीला (ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला) येताय ना, मग बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी असो की नगर रोडचं ज्ञानदीप विद्यापीठ, पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते: बायबलचा उतारा अभ्यासायचा कसा. घरी रोज एक अध्याय, प्रार्थना, झालं. ते चालूच ठेवा, पण पेपरात तेवढ्यानं भागत नाही, मग पोरं लायब्ररीतली जाडजूड कॉमेंटरी (बायबलचा अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक) उचलतात आणि उताऱ्याकडे न बघताच तिच्यातलं उतरवत सुटतात. असलं उत्तर सरांना दोन ओळीत कळतं.

कॉमेंटरी सगळ्यात शेवटी. आधी अख्खं पुस्तक एका बैठकीत वाचा, मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे नव्या करारातलं येशूच्या चरित्राचं एक पुस्तक, त्याचे १६ अध्याय मोठ्यानं वाचले तरी दीड-दोन तासांत होतात. वचनांच्या आकड्यांकडे बघू नका, नव्या करारात ते १५५१ मध्ये घातलेत, लिहिणाऱ्यानं नाही.

मग एक उतारा धरा. मार्क ५:२१ ते ४३ ची झेरॉक्स काढा, पेन्सिल घ्या. याईर येशूच्या पाया पडतो, मुलगी मरायला टेकलीये, येशू निघतो आणि मध्येच ती रक्तस्रावाची बाई येते, याईराची गोष्ट तिथंच लटकते. मार्कनं मुद्दाम केलंय का? खुणा करत जा म्हणजे दिसायला लागेल: बाईचा आजार १२ वर्षांचा, मुलगी १२ वर्षांची. तो सभास्थानाचा अधिकारी, नावासकट, हिचं नावच नाही, पैसा सगळा वैद्यांवर गेलेला. तरी येशू तिच्यासाठी थांबतो आणि तिला 'मुली' म्हणतो, तेवढ्यात याईराच्या घरून निरोप येतो की पोरगी गेली. बाप तिथंच उभा आहे बरं का.

आता हाच प्रसंग मत्तयच्या शुभवर्तमानातही आहे, तो मत्तय ९:१८ ते २६ शेजारी ठेवा. मार्कची २३ वचनं इथं ९ मध्ये उरकलीत, आणि बाप आल्याआल्याच सांगतो की मुलगी मेली. म्हणजे बाई वाटेत येते, पण पोरगी वाचेल का हा ताणच गेला! मत्तयनं असं का केलं असेल, हे आधी स्वतःच्या मराठीत अर्धं पान लिहा (क्लास इंग्लिशमध्ये असला तरी), आणि मगच कॉमेंटरी उघडा. आता ती काय म्हणते ते पटतंय की नाही हे तुमचं तुम्हालाच कळतं, आणि असाइनमेंटला लिहायला काहीतरी स्वतःचं असतं.

नवा करार मुळात ग्रीकमध्ये आहे, पण त्या ग्रीकचं टेन्शन आत्तापासून नको. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंनी मोठ्या वयात हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, तुम्हाला सध्या ग्रीकची नुसती २४ अक्षरं गिरवायचीत. कॉलेज सुरू व्हायच्या आधी रोज चार लिहिलीत तर आठवड्यात होतात, लिहिताना आवाजही काढा, नाहीतर पहिल्याच तासाला सर फळ्यावरचं वाचायला उभं करतात तेव्हा ततपप होतं.