वेबली .455 चं काडतूस : या चुका टाळा

वेबली ही ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्वरं, .455 हे त्यांचं काडतूस. ही जुनी रिव्हॉल्वरं जमवणारे वर्षानुवर्षं तेच घोटाळे करतात. सर्वांत घातक चूक .45 एसीपीची, म्हणजे अमेरिकन स्वयंचलित पिस्तुलाचं काडतूस वेबलीत वापरण्याची.

दुसऱ्या महायुद्धानंतर मार्क 6 वेबली ढिगाने अमेरिकेत विकली गेली. तिथे .455 काडतूस दुर्मीळ आणि .45 एसीपी कुठेही मिळणारं, म्हणून विक्रेत्यांनी काडतुसं बसतात त्या फिरत्या सिलिंडरची मागची बाजू तासून टाकली. अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये तीन-तीन एसीपी काडतुसं अडकवली की ती त्यात बसतात. बसतात, एवढंच! .455 चा दाब चौरस इंचाला सुमारे 13,000 पौंड, एसीपीची कमाल मर्यादा 21,000. म्हणजे प्रत्येक बार हा जवळपास कारखान्यातल्या प्रूफ-चाचणीचा, मजबुती तपासायला मुद्दाम जास्त दाबाने उडवलेला बार. सिलिंडर सहसा एकदम फुटत नाही, म्हणूनच लोक फसतात. ‘माझं तर चालतंय’ हा युक्तिवाद निव्वळ आळसाचा.

तपासायचं असेल तर सिलिंडरची सहाही घरं रिकामी आहेत हे आधी पाहा. मग .455 ची वापरलेली रिकामी केस (काडतुसाचं धातूचं नळकांडं) घरात घालून रिव्हॉल्वर मिटा. केस मागेपुढे सरकत असेल, कडेमागे ठळक फट दिसत असेल, तर सिलिंडर तासलेला आहे. असं रिव्हॉल्वर शोकेसमध्येच शोभतं.

दुसरा घोळ ‘मार्क’चा, म्हणजे आवृत्तीचा. रिव्हॉल्वरचे मार्क वेगळे, काडतुसाचे वेगळे; इथे काडतुसाचे. 1891 च्या मार्क 1 ची केस सुमारे 22 मिमी, 1897 च्या मार्क 2 ची सुमारे 19.5. मार्क 2 ची शिशाची गोळी 265 ग्रेन (सुमारे 17 ग्रॅम), वेग सेकंदाला जेमतेम 600 फूट. 1939 चा मार्क 6 तेवढ्याच वजनाचा, पण धातूचं आवरण असलेला. नाकात पोकळी असलेल्या मार्क 3 ला सरसकट ‘डमडम’ म्हणू नका. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातली ती गोळी .303 रायफलची होती.

.455 ऑटो हे स्वयंचलित पिस्तुलाचं वेगळं काडतूस. नावावर जाऊ नका.

कडक शिशाची गोळीही नको. वेबलीच्या घरांची तोंडं बहुधा नळीपेक्षा अरुंद असतात. मऊ, बुडाला पोकळ गोळी पुढे फुगून नळी धरते, कडक गोळी नुसती शिसं माखते.

जुन्या लष्करी काडतुसांच्या ठिणगी देणाऱ्या टोपीतले क्षार बार उडाल्यावर नळीत राहतात, ते तेलाने निघत नाहीत. आधी उकळतं पाणी, मग कोरडं फडकं, तेल शेवटी.

आजोबांच्या ट्रंकेत जिवंत काडतूस सापडलं तर पक्कड लावून गोळी उपसू नका. विनापरवाना जवळ ठेवणं 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. हात न लावता पोलीस ठाण्याला फोन करा.